करंगळीचं वक्तव्य

मागच्या मार्चमध्ये एका जबाबात मी 'वक्तव्य' टाइप केलं आणि पडद्यावर 'वकतवय' उमटलं. एकाच पानावर तीनदा. कचेरीत मी २३ वर्षं लघुलेखिका आहे, अशी चूक माझ्या हातून होत नाही. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर अर्धं अक्षर काढायचं तर शिफ्ट दाबावी लागते, आणि शिफ्ट म्हणजे करंगळीचं काम. करंगळी शिफ्टवर होती, पण दाबत नव्हती. मला वाटत होतं की दाबली. बोटाला बोट आहे हेच कळेनासं झालं होतं.

दोष टायपिंगचा असेल असंच सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. पण रविवारी करंगळी जास्त बधीर असायची आणि रविवारी कचेरी बंद असते. रविवारी मी सायकल चालवते.

सायकल घेतली ती नोव्हेंबरात. रक्तातली साखर काठावर आली होती, डॉक्टर म्हणाले चाला, आणि मला चालण्याचा मनस्वी कंटाळा. शाळेत असताना लेडीज सायकल होती, त्यानंतर थेट आता, ४८व्या वर्षी. दुकानदारानं गिअरची, सरळ दांड्याच्या हँडलची सायकल दिली. दिसायला झकास. सकाळी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारातून चक्कर, तिथं झाडी आहे, गाड्या कमी. रविवारी वसमत रोडनं राहटीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, पूर्णेचं पाणी बघायचं, परत. डिसेंबरात पारा सहा-सात अंशांवर उतरला की बोटं तशीही गारठतात, त्यामुळे सुरुवातीच्या मुंग्या मी थंडीच्या खात्यावर टाकल्या. फेब्रुवारी उलटून ऊन लागायला लागलं तरी मुंग्या जाईनात, तेव्हा शंका आली.

परभणीचे रस्ते ज्याला माहीत आहेत त्याला हातांचं सांगायला नको. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर बिचारं तिच्यासोबत वरखाली होतं. खड्डे नसले तरी रस्ता लाटा मारतो. चारचाकीत बसून त्या लाटा फारशा कळत नाहीत. सायकलवर त्यातली प्रत्येक लाट पुढच्या चाकातून हँडलमध्ये, हँडलमधून तळहातात.

मग मी जे सगळे करतात तेच केलं. मऊ वस्तू विकत घेतल्या. आधी जेलचे हातमोजे. मग मुठींवरची काळी रबरं काढून फोमच्या जाडजूड ग्रिपा बसवल्या. दुकानात दाबून बघितल्या तर उशीसारख्या वाटल्या. पंधरा दिवस बरं वाटलं, मग जास्तच दुखायला लागलं, आणि आता अंगठ्याच्या मुळाशीही. कारण नंतर उमगलं. माझा हात लहान. जाड मूठ धरली की बोटं पूर्ण वळत नाहीत, मग ती सुटू नये म्हणून आपण नकळत आवळून धरतो. एक तास आवळून धरा, कुठलाही हात दुखेल. मोज्यांचंही तसंच. तळहाताच्या मधोमध जिथं खळगा आहे तिथंच जेलचा उंचवटा आला, म्हणजे दाब कमी व्हायच्या ऐवजी नको त्या जागी वाढला. त्यात एप्रिल. फोम घाम पितो, उन्हात तापतो, चिकट होतो, आणि कचेरीत जाताना हात कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे काळे. ६०० रुपये गेले. फोम हलक्या हाताच्या, थंड गावच्या माणसाला लाभत असेल, परभणीत नको.

हाडांच्या डॉक्टरांनी हात न बघताच पहिला प्रश्न विचारला, "कोणतं बोट?"

मी म्हटलं, "करंगळी. आणि तिच्या शेजारचं, पण अर्धंच."

"अर्धं कोणतं? करंगळीकडचं ना?"

तेच. अनामिकेची करंगळीकडची बाजू बधीर आणि मधल्या बोटाकडची ठणठणीत, हे मला स्वतःला विचित्र वाटत होतं म्हणून मी कुणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे नकाशासारखं आहे. करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना अल्नर नावाच्या नसेकडे. ती मनगटाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं, एका अरुंद बोगद्यातून जाते. १८६१ साली फेलिक्स ग्युयाँ या फ्रेंच शल्यविशारदानं तो बोगदा वर्णन केला, म्हणून त्याचं नाव त्याला. तिथं नस अगदी वर असते, आणि सायकलवाला नेमकं तिथंच अंगाचं ओझं टाकून बसतो. डॉक्टर लोकांत या दुखण्याला 'हँडलबार पाल्सी' असंच नाव आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि उरलेली अर्धी अनामिका मात्र दुसऱ्या नसेची, मीडियनची. ती मनगटाच्या मधून जाते. तिथं दाब आला की कार्पल टनेल.

आमच्या घरात ते दुसरं आईला आहे. ती रात्री दोनला उठून हात झटकत बसते, "मुंग्या आल्यात बाई, झोपच यीना." तिला थायरॉइडचा त्रास निघाला, रात्री मनगटाला पट्टी बांधून झोपते, फरक आहे. म्हणून सांगते, बोट कोणतं ते नीट बघा. आणि डॉक्टरांनी माझं बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घेतलं, नसांची एनसीव्ही नावाची तपासणीही केली. सगळं सायकलवर ढकलून घरी बसू नका. बोटांत ताकद कमी होत असेल, वस्तू सुटत असतील, तर ग्रिप बदलायच्या आधी दवाखाना.

मला त्यांनी तीन आठवडे सायकल बंद सांगितली. नस फार दबली नव्हती. "परत सुरू कराल तेव्हा मनगट वाकलेलं नको आणि तळहातावर वजन नको," एवढं म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. वाकलेलं नको म्हणजे काय करायचं, ते आपण शोधायचं.

शोध सुरू झाला सायकल दुरुस्तीवाल्या चाचांकडे. ते गुजरी भागात ४० वर्षं पंक्चर काढतात, मराठी उत्तम समजतात, बोलतात दखनीत. मी ग्रिपा दाखवायला लागले तर म्हणाले, "हात कू नक्को देखो मॅडम, पैले सीट देखो." आणि बोळातून शेजारच्या गवंड्याची पाणसळ मागून आणली. सीटवर ठेवली. बुडबुडा सरळ मागच्या टोकाला जाऊन बसला. सीटचं नाक खाली झुकलेलं. आणि ते झुकवलेलं मीच! जानेवारीत बसायला टोचतं म्हणून स्वतः पाना फिरवला होता. नाक खाली गेलं की माणूस दर मिनिटाला थोडा थोडा पुढे घसरतो आणि घसरू नये म्हणून हातांनी हँडलला रेटा देत राहतो. म्हणजे जानेवारीपासून मी सायकल चालवत नव्हते, घसरगुंडीवर हात टेकून बसले होते.

चाचांनी सीट पाण्याच्या पातळीत आणली, आणि जरा मागे सरकवली. मग एक परीक्षा सांगितली. रिकाम्या रस्त्यावर, बऱ्यापैकी वेगात, हात हँडलवरून नुसते सैल करून बघायचे, सोडायचे नाहीत. धड पुढे कोसळत असेल तर वजन हातांवर आहे. धड जागच्या जागी राहिलं तर ते पाठीवर आणि पायांवर आहे. माझं धड कोसळायचं. सीट सुधारल्यावर निम्मं कोसळायचं.

एक पैसा खर्च न होता अर्धं दुखणं गेलं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण ग्रिप विकणारा तुम्हाला हे सांगणार नाही.

हवेचंही तसंच. माझे टायर ३५ मिलिमीटर रुंदीचे, आणि मी पंपवाल्याला 'कडक भर' सांगायचे. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, तिथवर भरायलाच हवं असं नाही. ७०-७५ वरून ५० पीएसआयवर (हे हवेच्या दाबाचं माप) आणलं आणि राहटीचा रस्ता जणू कुणी इस्त्री केला. हवा फार कमी केली तर मात्र खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटते, सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ते एकदा करून झालंय.

राहिलं मनगट.

त्याचं कोडं स्वयंपाकघरात सुटलं. दोन्ही हातांत एकेक लाटणं धरून उभी राहिले, डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि हात सायकलवर धरतो तसे पुढे केले. डोळे उघडून बघितलं. दोन लाटणी एका सरळ रेषेत नव्हतीच. बाहेरची टोकं माझ्याकडे झुकलेली, आतली पुढे. आई दारात. "हे काय करायलीस ग?" म्हटलं, हँडल मोजायलेय. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून मोजलं तर प्रत्येक लाटणं सरळ रेषेपासून तिसेक अंश मागे. माझ्या सायकलचा दांडा मात्र जेमतेम पाच अंश मागे वळलेला. अशा सरळ हँडलांत साधारण पाच ते नऊ अंशच असतात. म्हणजे हात मागतोय तीस आणि सायकल देतेय पाच, उरलेले पंचवीस मनगटानं मुरडून भरून काढायचे. तासभर. त्यात माझा दांडा ६८० मिलिमीटर रुंद आणि मी पाच फूट एक इंच. दांडा जितका रुंद तितके हात फाकतात आणि मनगट आणखी मुरडतं.

आजीचं जातं आठवलं. गंगाखेडचं आजोळ, जनाबाईचं गाव, जात्याशिवाय तिथली गोष्ट पुरी होत नाही. जात्याचा खुंटा उभा असतो. उभा खुंटा धरला की मनगट कुठंच वाकत नाही, हस्तांदोलनाला हात पुढे केल्यासारखं. आजीनं खुंट्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, पातळच, घामाला आणि फोडांना. जाड गादी नाही. आज सायकलवाले दांड्याच्या टोकांना शिंगं लावतात, बार-एंड म्हणतात त्यांना, ती हाच उभा खुंटा. मला ती आवडली नाहीत, कारण शिंगावर हात असला की ब्रेक लांब राहतो आणि वसमत रोडवर हळदीचे ट्रक असतात. पण मोकळ्या रस्त्यावर मधूनमधून हाताची जागा बदलायला त्यांच्याइतकं स्वस्त काही नाही.

मागे वळलेलं हँडल हवं म्हटल्यावर पहिला विचार आला वडिलांच्या अ‍ॅटलस सायकलचा. ती परसात उभी आहे, गंजलेली. तिचं हँडल मुठी जवळजवळ सरळ मागे येतील इतकं वळलेलं. या घाटाला 'नॉर्थ रोड' म्हणतात, इंग्लंडातल्या १८८५ सालच्या एका सायकल क्लबवरून. दूधवाले, पोस्टमन, सगळ्यांच्या सायकलींना हेच. (अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२०च्या ३ जूनला, म्हणजे बरोबर जागतिक सायकल दिनाला बंद झाला. वडील असते तर दिवसभर त्यावर बोलले असते.) हँडल काढून घेऊन गेले तर चाचा हसले. त्या सायकलींचे ब्रेक सळईचे, ब्रेकच्या दांड्या हँडललाच जडलेल्या, त्या उतरवून माझे तारेचे ब्रेक बसवायचे म्हणजे कारखाना काढणं. शिवाय मधली जाडी जुळत नाही. हँडल ज्या तुकड्यात आवळलं जातं त्याला स्टेम म्हणतात. माझ्या स्टेमचं तोंड ३१.८ मिलिमीटरचं. बाजारात दुसरं चालू माप २५.४ आहे. हँडल घ्यायला जाताना हे माप खिशात ठेवा. मुठीच्या जागेची जाडी सरळ आणि मागे वळलेल्या हँडलांत बहुधा २२.२च असते, त्यामुळे ब्रेक आणि ग्रिपा इकडच्या तिकडे चालतात.

ऑनलाइन शोधलं तेव्हा जेफ जोन्स या अमेरिकन कारागिराचं ४५ अंश वळणाचं हँडल दिसलं, लोक त्याचं फार कौतुक करतात, किंमत बघून मी फोन खाली ठेवला. शेवटी साधं अ‍ॅल्युमिनियमचं, सिटी सायकलींना असतं तसं मागे वळलेलं हँडल मागवलं, ७५० रुपये. मधली जाडी २५.४. मधे घालायची धातूची पट्टी मिळते, पण मी स्टेमच बदलला, आणि तिथं चुकले. कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलं होतं की हात दुखत असतील तर आखूड स्टेम घ्या. सरळ दांड्याला ते खरं आहे. पण मागे वळलेलं हँडल मुठी आधीच मागे आणतं, त्यात आखूड स्टेम! पहिल्याच वळणावर मूठ गुडघ्यावर आदळली. विद्यापीठाच्या फाटकासमोर पाय टेकला, नाहीतर आडवीच. परत लांब स्टेम. ४०० रुपये शहाणपणाचे.

अजून एक. मागच्या ब्रेकची तार नव्या हँडलवर पुरली नाही, हँडल डावीकडे वळवलं की ब्रेक आपोआप लागायचा. आणि वळणाच्या पुढे सरळ भाग किती आहे ते मोजूनच घ्या. ग्रिप साधारण १३० मिलिमीटर, मग ब्रेक, मग गिअरची कळ, हे सगळं सरळ भागावर मावलं पाहिजे, वळलेल्या भागावर पकड घट्ट बसत नाही. माझं कसंबसं मावलं.

ब्रेकची मूठ खाली फिरवणं हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि ते पाच मिनिटांचं काम आहे. दुकानातून सायकल येते तेव्हा ब्रेकची पाती बरेचदा जमिनीला समांतर असतात. बोटं त्यांच्यावर ठेवायची तर मनगट मागे मोडावं लागतं, कुणाला 'थांब' म्हणताना मोडतो तसं. एलन कीनं, म्हणजे षटकोनी किल्लीनं, स्क्रू ढिला करून पाती खाली फिरवायची, इतकी की कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ यावी. पातीच्या मुळाशी बहुधा एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की पाती मुठीजवळ येते. लहान हाताच्या बायकांनी हे करून घ्यावंच. दुकानदार सायकल पुरुषाच्या पंजाच्या मापानं देतो आणि आपण वर्षानुवर्षं दोन बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढत राहतो.

ग्रिपा आता पंखवाल्या आहेत. बाहेरच्या बाजूला चपटा पंख, त्यावर तळहाताची करंगळीकडची टाच टेकते आणि ओझं एका ठिपक्यावर न पडता पसरतं. हा प्रकार जर्मनीच्या एर्गॉन कंपनीनं नावारूपाला आणला, त्यांच्यात हाताच्या मापाप्रमाणे लहान-मोठ्या मिळतात. माझ्या त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, देशी, ५५० रुपयांच्या, बारीक मापाच्या. दोन गोष्टी सांभाळा. पंख फार वर फिरवला तर मनगट मागे मोडतं, फार खाली गेला तर टाचेला आधारच उरत नाही; सायकलवर बसून, कुणाला तरी सायकल धरायला लावून, तळहात आपोआप पडतो तसा पंख लावायचा. आणि टोकाला आवळायचा स्क्रू असलेलीच घ्यायची. नुसती सरकवलेली पंखवाली ग्रिप वजन पडलं की गोल फिरते, म्हणजे पंख असून नसल्यासारखा. साध्या गोल ग्रिपा मात्र बहुधा सरकवायच्या असतात. त्या चढत नसतील तर आतून सॅनिटायझर शिंपडा. सरसर चढतात, आणि तो उडून गेला की चिकटून बसतात. कोरोनाच्या बाटल्या घरोघरी पडून आहेतच.

इतकं करून हात अगदी कोरा झाला असं नाही. ताठ बसून चालवायचं म्हणजे छातीवर वारा झेलायचा. जुलैत राहटीहून परत येताना समोरून पावसाळी वारा असतो, तेव्हा त्या सरळ दांड्याची आठवण येते, वाकून निघून गेले असते. जे ओझं हातांवरून काढलं ते गेलं बैठकीवर, त्यामुळे आता सीट रुंद हवी असं वाटायला लागलंय. आणि डावी करंगळी पाऊण तासानंतर अजून कुरकुरते. मग मी किलोमीटरचा दगड आला की हात बदलते. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत पंखावर, पुढच्यापर्यंत बोटं सैल, कोपर वाकवून, त्यापुढे वळणाच्या आतल्या बाजूला धरून. कोपर वाकलेलं असणं फार महत्त्वाचं, ताठ हात म्हणजे रस्त्याच्या लाटा सरळ मानेपर्यंत.

टायपिंगमध्ये आता 'वक्तव्य' येतं. चार महिन्यांत एकदाच 'पककं' असं उमटलं होतं, पण त्या दिवशी मी खरोखरच पेंगत होते.

कचेरीतल्या दोघींनी सायकल घ्यायचं मनावर घेतलंय. एकीनं विचारलं, "कोणती ग्रिप घेऊ ताई?" मी तिला आधी लाटणं घेऊन उभं राहायला सांगितलं. तिला वाटलं मी चेष्टा करायलेय.

माझा काढलेला सरळ दांडा मी चाचांकडेच ठेवून आले होते, कुणाला उपयोगी पडला तर म्हणून. परवा हवा भरायला गेले तर त्याला एका टोकाला आकडा जोडलेला आणि चाचा त्यानं दुकानाचं शटर खाली ओढत होते. "बढिया चीज है मॅडम," म्हणाले, "एकदम सीदा."